चिंचेचा डबा

नवरात्राच्या चौथ्या दिवशी सकाळी सुमित्राबाईंनी कुंपणावरून शेजारच्या मनकर्णाबाईंना ऐकवलं, "दोन दिवस झाले, आमची रक्षा पाण्याचा थेंबही घेत नाई. देवीचं एवढं कडक तर मीबी नाई केलं, बाई!"

ओट्यावर वांगी निवडत बसलेले त्यांचे यजमान पुंडलिकराव मनातून सुखावले. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. आपल्याच घरातली नात अशी निग्रहाची निघावी, याचं कुणाला बरं वाटणार नाही?

संध्याकाळी उपास सोडायला तिच्यासाठी खजूर घेऊन ते शाळेच्या मैदानावर गेले. तालमीच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला चार मुली ओळीनं बसल्या होत्या. उकाड्यात अंगावर प्लास्टिकचे रेनकोट, प्रत्येकीच्या मांडीवर तुपाचा रिकामा डबा. तोंडात चिंच घोळवायची आणि डब्यात थुंकायचं. पिचक, पिचक. त्या आंबूस, उबट वासानं पुंडलिकरावांच्या तोंडाला आंबट पाणी सुटलं. तिसरी मुलगी रक्षा होती. हनुवटीपासून डब्यापर्यंत लाळेची तार लोंबत होती.

"काय करून राह्यली, बाई?"

"उद्या वजन आहे, आबाजी. शेहेचाळीस किलोचा गट. चारशे ग्राम उतरवाचं राह्यलं."

"आन् उपास?"

रक्षानं मान खाली घातली. "सर म्हणे, घरी उपास सांगजो. उपासाले कोणी अडवत नाई."

तेवढ्यात प्रफुल सर आले. पुंडलिकरावांचाच जुना विद्यार्थी, आता शाळेचा कुस्ती शिक्षक. तो पाया पडायला वाकला, तसे पुंडलिकरावांनी पाय मागे घेतले.

"गुरुजी, वजन तर तोडावंच लागते. सगळे करतात."

"वरच्या गटात काऊन नाई खेळवत तिले?"

"तिथं रोशनी आहे ना. एकाच गटात दोघी कशाला? शाळेले दोन पदकं पाहिजेत."

पुंडलिकरावांनी रक्षाच्या मांडीवरचा डबा उचलून त्याच्या नाकापुढे धरला. प्रफुलनं झटकन तोंड फिरवलं.

"किळस आली? हे तिच्या अंगातलं पाणी आहे, बेटा. तूच काढलं."

"आबाजी, नका ना," रक्षा रडवेली झाली. "पाणी पेली तर मी बाद. वर्षभराची मेहनत जाईन."

"मग रोशनीसंगं लढ. जिंकन ते वरच्या गटात जाईन. बोलाव रे तिले, आत्ताच होऊ दे."

"आत्ता?" प्रफुल गडबडला. "गुरुजी, दोन दिवसांची उपाशी पोरगी आहे. उभं राहाचं त्राण नाई तिच्यात. हातपाय मोडन एखादा!"

रक्षा सरांकडे बघत राहिली. मग तिनं रेनकोट ओरबाडून काढला, भिंत धरत नळापाशी गेली, एक घोट घेतला, थांबली आणि ओंजळीनं पिऊ लागली.

"उद्या वजनाच्या आधी लढतो मी रोशनीसंगं," ती तोंड पुसत म्हणाली. "हरली तर हरली. जेवून हरीन."

प्रफुल नुसता शिटीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. पुंडलिकरावांनी नातीच्या हातावर खजूर ठेवले आणि दोघं फाटकाकडे निघाले. सकाळचं आपलं सुखावणं आठवून त्यांच्या तोंडाला पुन्हा आंबट पाणी सुटलं.

मागून आवाज आला. पिचक.

ते थांबले, मागे वळून पुन्हा आडोशाशी आले.

"तुम्ही घरी काय सांगतलं, पोरींनो?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. "उपास," एक पुटपुटली.

"चला मंग. कोणाचं घर जवळ आहे, सांगा."