कोरी पट्टी

"हा शर्ट आता धुवायला टाकते," आत्या म्हणाली. बाबांनी शेवटचा घातलेला शर्ट तिच्या हातात होता.

"थांब. आधी वास घेऊ दे."

मी शर्ट नाकाशी धरला. काहीच नाही. बाबा गेले त्याच आठवड्यात मला सर्दी झाली होती. आता ती गेली होती, निदान मला तसं वाटत होतं.

"उडाला असेल गं वास," आत्या म्हणाली.

बाबा साबणाच्या कारखान्यात वासपारखी होते. नमुन्यात बुडवलेली कागदाची पट्टी हुंगायची आणि माल पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. एकदा सर्दीतून उठून ते कामावर गेले आणि खवट तेलाचा माल पास केला. हाताखालच्या बाई दबकत म्हणाल्या, "साहेब, मला खवट वाटतंय." बाबांनी पुन्हा हुंगलं आणि खुर्चीवरून उठले. "मग आजपासून इथे तुम्ही बसा."

डॉक्टर बाबांना म्हणाले, "सर्दीचा विषाणू केव्हाच गेला. पण पाहुणा गेला तरी घरातलं भांडण मिटलेलं नाही. आतलं अस्तर सुजलंय, कफ बाहेर ढकलणारे बारीक केस झडलेत, सायनसची तोंडं बुजलीत. मागच्या प्रत्येक सर्दीनं त्यात भर घातली असणार. काहींच्या नाकात हे असं मुरतं."

"म्हणजे सर्दी गेली हे मी ठरवायचं नाही?"

"नाकाला ठरवू द्या."

बाबांनी ते मनावर घेतलं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून रोज नाक धुवायचं, औषधाचा फवारा मारायचा, आणि कामावर गेल्यावर परीक्षा. बाई पाठमोऱ्या होऊन पट्ट्या तयार करत, त्यातली एक कोरी. कोरी ओळखली तरच खुर्ची. कित्येक महिने ते नापास होत राहिले आणि निकाल स्वतःच कारखानाभर सांगत फिरले.

"नाकासमोर चालणारा माणूस तू," आत्या चिडवायची, "आणि नाकानंच दगा द्यावा!"

"दगा कसला, ताई? ते गप्पच होतं. त्याच्या वतीनं मीच बोलत होतो."

अखेर ते पास झाले, पण खुर्ची परत मागितली नाही. बाईंच्या शेजारी दुसरी मांडून घेतली. सर्दीतून उठून येणाऱ्या प्रत्येकाला मात्र तेव्हापासून कोरी पट्टी ओळखावी लागे.

मी डोळे मिटले. "आत्या, बाबांचा हा शर्ट आणि कपाटातला एक धुतलेला. कोणताही आधी दे."

तिने एकामागून एक नाकाशी धरले. दोन्ही सारखेच.

"नापास," मी म्हणाले.

आत्याला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. मग तिने तो न धुतलेला शर्ट स्वतःच्या नाकाशी नेला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. घडी घालून तो पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट दाबलं.

"मीठ काढ," ती म्हणाली. "मी पाणी उकळायला ठेवते."