ओढ्यापलीकडचं अंबखेट

"अजून फूटभर खाली जा," रविकांत सर म्हणाले. अनन्याने हातातली खुरपी आपटली.

"सर, मुरूम लागलाय. माणसाचा हात न लागलेला. त्याच्याखाली नगर कसं असेल?"

"भराव असेल."

परवा त्यांनी त्यालाच पुराचा गाळ म्हटलं होतं.

शेवगाव तालुक्यात, गोदावरीच्या काठच्या या टेकाडावर सरांनी उभी हयात घालवली होती. बुद्धाच्या भेटीला दक्षिणेतून निघालेले एका गुरूचे शिष्य अंबखेट नावाच्या नगरात थांबले, असा ओझरता उल्लेख त्यांना एका जुन्या पाली पोथीत सापडला होता. ते नगर म्हणजे हेच टेकाड, असं त्यांनी जागोजागी छापून ठेवलं. टेकाड आणि आसपासच्या उत्खननाची परवानगी आली तेव्हा मात्र ते निवृत्त झाले होते, म्हणून काम त्यांची विद्यार्थिनी अनन्या पाहत होती. म्हणजे पाहू दिलं जाईल तेवढं पाहत होती. टेकाडात आतापर्यंत निघालं काय, तर अलीकडची कौलं आणि बकऱ्यांची हाडं.

ओढ्यापलीकडे गोरक्ष या शेतकऱ्याच्या रानात मात्र दोन-अडीच हजार वर्षं जुन्या काळ्या-तांबड्या खापरांचा सडा पडलेला. तिने विषय काढला की सर म्हणायचे, "पुरात वाहून आलीत." पूर आला की खापरं नेमकी त्याच एका रानात उतरतात, हे तिला काही केल्या पटत नव्हतं.

सर डोळ्यांच्या उपचारांसाठी पंधरा दिवस पुण्याला गेले, तशी ती गोरक्षकडे गेली.

"खणा की," गोरक्ष म्हणाला. "कांदा निगालाय, रान मोकळंच हाय. पन सर तर म्हनले हुते, तुज्या रानात काय बी न्हाई."

सर परत येईपर्यंत त्या रानात रुंद, चपट्या विटांची गोल वळण घेत गेलेली भिंत उघडी पडली होती. स्तूपाचाच पाया. शेजारी निघालेल्या जुन्या घराच्या जमिनीवर भाजक्या मातीची एक चकती मिळाली. तिच्यावर ब्राह्मी अक्षरं होती, 'अंबखे'. पुढचा भाग तुटलेला. अनन्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आल्या आल्या सरांनी ती चकती भिंगाखाली बराच वेळ पाहिली.

"मालाच्या गाठोड्यावर मातीचा ठसा लावून पाठवत असत, त्यातला हा," ते म्हणाले. "म्हणजे अंबखेटहून इथे माल यायचा. अंबखेट तिकडेच."

"ओढ्यापलीकडून माल पाठवायला ठसा कशाला लागतो, सर? इथून हाक मारली तरी तिकडे ऐकू येते!"

गोरक्षला हसू आवरलं नाही. सर भिंग खिशात घालून निघून गेले. आपण बोलायला नको होतं, असं तिला वाटलं. आणि हे आधीच बोलायला हवं होतं, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले आणि चकती मागून घेतली. मागच्या बाजूची माती त्यांनी कुंचल्याने हलकेच काढली.

"मागे गाठोड्याच्या दोरीचा वळ नाही. मुठीचा तुटलेला बुंधा आहे. आणि अक्षरं उलटी आहेत."

ती वाचताना आपण उजवीकडून लावली होती, हे अनन्याला आत्ता आठवलं. आनंदाच्या भरात तिने त्याचा विचारच केला नव्हता.

"हा ठसा नाही, ठसा उमटवायचा शिक्का आहे," सर म्हणाले. "आणि शिक्का नगर सोडून जात नाही. काल तू रागात होतीस आणि मी हट्टात. दोघांनाही दिसलं नाही." ते ओढ्याकडे वळले. "अंबखेट इथेच आहे. मी चुकीच्या काठावर म्हातारा झालो."

तिने हात पुढे केला. तो धरून ते कण्हत खड्ड्यात उतरले आणि विटांवरून बोटं फिरवत राहिले. मग त्यांची नजर खड्ड्याच्या कडेवर गेली.

"ही बाजू तिरकी कापलीये. आणि तो कोपरा? असं खणतात? कुणी शिकवलं तुला?"

अनन्याने कपाळावर हात मारला आणि कड सरळ आखायला दोरी आणायला गेली.