हाकेला येणारं जनावर

कॉलनीत बिबट पकडल्याचा व्हिडिओ मी आरमोरीला, आईच्या घरी पाहिला. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून मी रजा घेऊन गेले होते. सकाळी फोन उघडला तर ऊर्जानगरच्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाळ्यांच्या चिन्हांची रांग लागलेली. वर सरकवत गेले आणि व्हिडिओ सापडला.

लोखंडी पिंजरा, भोवती माणसं, "मागं व्हा, मागं व्हा" असा ओरडा. आत बिबट गजांवर डोकं आपटत होता, कपाळ फुटलं होतं. फोन फिरत फिरत पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला गेला. तिथे जाळीपलीकडे एक अरुंद कप्पा असतो, आमिषाचं जनावर ठेवायला. मला बकरी दिसेल असं वाटलं होतं. पण आत कुत्रं होतं. पत्र्याकडे तोंड करून, अंग चोरून बसलेलं. फोन धरणारा माणूस म्हणाला, "ए गुंड्या." कुत्र्यानं वळून पाहिलं आणि शेपटी हलवली.

आवाज माझ्या नवऱ्याचा, अजयचा होता. गुंड्या आमचा कुत्रा.

मी व्हिडिओ पुन्हा लावला. वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत मी कोळसा तपासते. एखादा आकडा भलताच आला तर नमुना पुन्हा लावायचा, ही तिथली सवय. दुसऱ्यांदाही तेच दिसलं: आधी आवाज, मग वळणं, मग शेपटी.

आदल्या संध्याकाळीच मी फोनवर विचारलं होतं, गुंड्या जेवला का. "जेवला ना. इथीच पडून आहे पायाशी," अजय म्हणाले होते.

आई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बाजेवर बसली होती. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "कुत्रंच तं हाय वो बाई. जिवंत हाय ना? मंग?"

मी भावाला, पवनला, आईची औषधं समजावून दिली आणि दुपारच्या बसनं निघाले.

आमच्या कॉलनीच्या भिंतीला लागूनच बाभळीचं रान आहे, त्यापुढे खरं जंगल. बिबट दिसणं ही काही बातमी नव्हे. पण त्या महिन्यात तो दिवसाढवळ्या दिसू लागला. शेजारची मदीहा सकाळी शाळेच्या बसची वाट बघत उभी असताना तो तिच्या मागच्या भिंतीवर बसलेला पेपरवाल्यानं पाहिला. पोरगी सात वर्षांची. तिला कळलंही नव्हतं. त्यानंतर वनखात्यानं पिंजरा लावला, आत बकरी बांधली. सकाळी पिंजऱ्याभोवती पावलं दिसायची, पण बिबट आत जात नव्हता. इथपर्यंत मला माहीत होतं.

घरी पोचले तेव्हा गुंड्या फाटकाशी आला. नेहमी तो मी वळणावर दिसल्यापासून भुंकायचा. आता तोंड उघडत होता आणि आतून नुसती घरघर येत होती. नाकावर आडवी चीर, त्यावर हळद लावलेली. गळ्यात झेंडूचा हार होता, अर्धा त्यानंच चावलेला.

"तू चिडशील हे माहीतच होतं मले," अजय म्हणाले. "म्हणून नाई सांगितलं."

"चिडेन म्हणून, की नाही म्हणेन म्हणून?"

"एकच ना ते."

"एक नाही."

त्यांनी माझी पिशवी आत नेली, चहा ठेवला. मी गुंड्याचा हार काढला.

"मधी दोन जाळ्या असतात, रंजीता. काही होऊच शकत नव्हतं त्याले."

"मग नाकावर काय आहे?"

"त्यानंच नाक लावलं असन जाळीले. शहाणा आहे का तो?"

"बकरी होती ना आत?"

"बकरीले तो विचारून नाई राह्यला. त्याले कुत्र्याची चटक." ते चहा गाळत बोलत होते, माझ्याकडे पाठ करून. "कॉलनीच्या समितीत ठरलं. गेटवरचं एक मोकाट कुत्रं ठेवूनही पाहिलं आम्ही. ते आत जाऊन मुकाट पडलं. आवाजच नाई, तं बिबट येईन कशाले? घरचं कुत्रं तसं नाई करत."

"कसं करतं?"

"घरच्या माणसाले हाका मारते."

गुंड्याचा आवाज कशानं बसला ते मला तेव्हा कळलं. पिंजरा आमच्या क्वार्टरपासून फार लांब नव्हता. मधे फक्त पाण्याची टाकी आणि बॅडमिंटनचं मैदान.

"तुम्हाला इथे ऐकू येत होतं?"

"टीव्ही लावला होता," अजय म्हणाले.

ते वाईट मनुष्य नाहीत, हे इथे सांगायला हवं. गुंड्याला पिल्लू असताना त्यांनीच शर्टात घालून आणलं होतं. शिफ्ट संपवून आले की आधी त्याच्याशी बोलायचे, मग माझ्याशी. मला ते आवडायचं. मुक्या जनावराशी कुणी बघत नसतानाही नीट वागणारा माणूस आपल्याशीही नीट वागेल, असा माझा हिशेब होता.

"मी त्याले ढकललं नाई," ते चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाले. "पट्टासुद्धा नाई ओढला. 'चल' म्हटलं, आणि गेला तो. आपल्या मनानं."

माझा विश्वास बसला नाही. कुठलंही जनावर आपल्या मनानं तिथे जाणार नाही. कपड्यांना बिबट्याचा वास लागलेला माणूस जवळ आला तरी कुत्री शेपूट घालतात.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना शमसुन्निसाभाभी तारेपलीकडे दिसल्या. मदीहा त्यांची मुलगी. त्यांचे मिस्टर कय्यूमभाई मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतात. त्यांच्याकडे बेगम नावाची पांढरी मांजर आहे आणि कुत्रं चांगलं की मांजर यावरून आमचं वर्षानुवर्षं वाजत आलंय. तुमचा गुंड्या म्हणजे साहेबाच्या मागे पळणारा चपराशी, असं त्या म्हणायच्या. तुमची बेगम म्हणजे लॉजवर उतरलेली बाई, जेवण बेचव असलं तर उद्या दुसरं लॉज, असं मी म्हणायचे. मी घरी नसले की गुंड्याला भाकरी टाकण्याचं काम मात्र त्याच करायच्या.

आज त्या आपणहून बोलल्या नाहीत. मीच विचारलं, "भाभी, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील.

"मी ओट्यावरच होती. अजयभाऊ पुढं, गुंड्या मागं. कुठी नेऊन राह्यले ते कॉलनीत साऱ्यांलेच माहीत होतं. फोन होता माझ्या हातात. तुमचा नंबरही काढला."

"मग?"

"मग मदीहा आली आतून." त्यांनी ओला दुपट्टा झटकला. "खोटं काऊन बोलू रंजीता? परत तशीच वेळ आली तं परत नाई करणार मी फोन."

मला राग आला, पण ज्याचं काय करायचं ते कळत नाही असा. त्या खरं बोलत होत्या. घरातल्या माणसानं तेवढंही केलं नव्हतं.

"तुमची बेगम का नाही दिली मग?" मी म्हटलं. दुखवायलाच म्हटलं.

त्या हसल्या, पण हसू पुरतं आलं नाही. "द्यायला मी तयार होती. पण ती गेली असती का? ताटलीत मच्छी ठेवून बोलावलं तं येत नाई. आणि पकडून कोंबली असती, तरी कोणासाठी ओरडली असती? माझ्यासाठी? ती मनात म्हटली असती, ही बाई अशीच आहे, मले पहिलेच माहीत होतं."

हे आठवून मला नंतर हसू आलं, आणि मग गुंड्या कोणासाठी ओरडत होता ते आठवलं.

आठवड्याभरात पुन्हा पावलं दिसली. पकडलेली मादी होती, नर मोकळा होता. समितीतले आदेश ठवरे घरी आले, बुंदीचे लाडू घेऊन. अजयच्याच शिफ्टमधले, हसतमुख गृहस्थ.

"वहिनी, मागच्या वेळी आमचं चुकलं. या वेळी तुमची परमिशन घेऊनच. हिरो आहे आमचा गुंड्या."

"नाही," मी म्हटलं.

"अहो, एकदा काही झालं का त्याले?"

"नाही म्हटलं मी."

आदेशभाऊंनी अजयकडे पाहिलं. अजय म्हणाले, "तिची इच्छा नाई तं नाई. विषय संपला. आपण दुसरं पाहू." ते सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघून म्हणाले. मी लाडूंची ताटली त्यांच्यापुढे केली. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्या आवडीची वांग्याची भाजी केली.

त्यानंतर एका संध्याकाळी मी प्रयोगशाळेतून लवकर सुटले. घरी कुलूप होतं आणि फाटकाशी कुणी आलं नाही. मी पिशवी फाटकालाच अडकवली आणि टाकीकडे चालू लागले. धावले नाही. धावले असते तर मी मनात काय धरून चालले आहे ते मलाच कबूल करावं लागलं असतं.

मैदानाच्या कडेला पोचले तेव्हा चांगला उजेड होता. पिंजऱ्याचं मागचं दार वर उचललेलं होतं, आदेशभाऊ ते धरून उभे होते. अजय पलीकडून चालत येत होते. हात मोकळे. गुंड्या त्यांच्या पायाला लागून चालत होता, पट्टा नाही, दोरी नाही.

दाराशी येऊन गुंड्या थांबला. त्याला ती जागा ओळखू आली होती, त्यात शंका नाही. मागचे पाय थरथरत होते, मला एवढ्या लांबून दिसत होते. त्यानं पत्र्याचा वास घेतला, मान वर करून अजयच्या तोंडाकडे पाहिलं.

"चल," अजय म्हणाले.

शेपूट पोटाखाली, कान मागे पडलेले, आणि तरी तो गेला. आत जाऊन कोपऱ्यात बसला.

म्हणजे अजय खरं बोलले होते. त्यांनी मला सांगितलेल्यातली तेवढी एकच गोष्ट खरी होती.

"गुंड्या!" मी हाक मारली. "ये. बाहेर ये."

दोघांनी चमकून वळून पाहिलं. गुंड्यानंही पाहिलं. मला बघून शेपटी दोनदा पत्र्यावर आपटली. मग त्यानं पुन्हा अजयकडे पाहिलं आणि तिथेच बसून राहिला. मी परत हाक मारली. तो अजयकडेच बघत होता.

"रंजीता, शेवटचंच होतं गं. खरंच. मी सांगणार होतो तुले—"

मी वाकून आत शिरले. आत मुताचा आणि जुन्या रक्ताचा वास होता. मी ओढणी त्याच्या पट्ट्यात अडकवली आणि ओढलं. तो पाय रोवून बसला. घाबरून नव्हे, अजयनी त्याला आत पाठवलं होतं म्हणून तो बसला होता. मला तो अक्षरशः फरफटत काढावा लागला, आणि दाराबाहेर येताच तो माझ्या हाताला हिसका देऊन अजयच्या पायाशी गेला.

"पाहा," आदेशभाऊ म्हणाले, "त्याच्या मनात काही नाई, वहिनी. जनावर विसरून जाते. तुम्हीच धरून बसल्या."

"उद्या मदीहाले काही झालं तं?" अजय म्हणाले. "तू देशील उत्तर?"

मी एवढंच केलं की दुसऱ्या दिवसापासून सकाळी मदीहाची बस येईपर्यंत तिच्याजवळ उभी राहू लागले, हातात काठी घेऊन; एक दिवस मी, एक दिवस कय्यूमभाई. आणि वनरक्षकाला फोन केला. तो गोंधळलाच. "आम्ही कुत्रं मागितलंच नव्हतं मॅडम. बकरी आजारी आहे, असं समितीनं सांगितलं." पिंजऱ्यात पुन्हा बकरी आली.

अजयशी मी बोलत होते. दूध आणा, गॅस संपला, बिल भरा. भांडण झालं नाही. भांडायचं तर समोरच्यानं खोटं बोलणं नाकारायला लागतं. ते नाकारत नव्हते. "तुझ्यासमोर नाई म्हटलं ते तुले बरं वाटावं म्हणून," असं त्यांनी एकदा अगदी साधेपणानं सांगितलं.

गुंड्याला मी आरमोरीला नेऊन सोडलं. गाडीत तो सारा वेळ मागच्या काचेकडे तोंड करून उभा होता. पहिले दोन दिवस जेवला नाही. मग आईचा फोन आला.

"मस्त हाय तो. आता आपल्या पवनच्या मागं-मागं राह्यते, वावरात जाते त्याच्यासंगं. कोणी बी 'चल' म्हना, निंगाला. लय गुनाचा कुत्रा हाय वो."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मला त्याची आठवण येते. पण तो गुणाचा आहे हे कुणी म्हटलं की मी विषय बदलते.

दिवाळीनंतर बेगमला पिल्लं झाली. शमसुन्निसाभाभींनी विचारलं नाही, त्यांनी एक पिल्लू टोपलीत घालून तारेवरून माझ्या अंगणात उतरवलं आणि म्हणाल्या, "राह्यली तं राह्यली. नाई तं येईन परत, रस्ता माहीत आहे." करड्या रंगाची, एक कान काळा. ती राहिली. कधी माझ्याजवळ येऊन बसते, बऱ्याचदा बसत नाही. मी हाक मारत नाही, म्हणून तिला अजून नाव नाही.

परवा अजय दुपारच्या शिफ्टवरून आले तेव्हा ती कपाटावर बसली होती. त्यांनी डब्यातला माशाचा तुकडा काढला, हात वर करून चुटकी वाजवली. "चल. ये ना, ये. काही नाई करत."

तिनं तुकड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, सावकाश. आणि पंजे आत घेऊन बसली.

"हिले लळा लागायले वेळ लागन," अजय म्हणाले.

मी कांदा चिरत होते. "नकोच लागायला," मी म्हटलं.

ते हात तसाच वर धरून थोडा वेळ उभे होते.