धारूरची दुपार

आश्रुबा लेकीला न्यायला कॉलेजात आला, तेव्हा सायली भर मैदानात, पुरलेल्या लोखंडी पाईपापुढं उकिडवी बसली होती. मे महिना, धारूरचं ते रखरखीत ऊन. अशा वेळी कुत्रंसुद्धा आडोसा सोडत नाही, आणि ही बया पाईपाच्या सावलीच्या टोकाशी खडे मांडत बसलीय! आश्रुबाचं डोकंच फिरलं.

"चल ऊठ. पाव्हणे बाराला येणार. सुपारी आजच फुटायची हाय."

सुपारी फुटली की लगीन, लगीन झालं की दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला. बीएस्सीचं राहिलेलं एक वर्ष गेलं फडात! सायलीला हे काय कोणी सांगायला पाहिजे होतं? पण गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आश्रुबा, पोरीची येळ झाली.

"आबा, एवढी सावली जाऊ द्या," ती म्हणाली. "आज सूर्य बरोब्बर डोक्यावर येणार, वर्षातनं दोनदाच येतो असा. पाईपाची सावलीच पडणार न्हाई. मी गणितानं काढलंय. मग न्या कुठं न्यायचं तिथं."

लेकीनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं. आश्रुबा रुमाल डोक्यावर ओढून उभा राहिला.

मोबाईलवर बारा झाले. सावली होतीच, बोटभर.

"झाले बारा! कुठं गेली सावली? लई गणितवाली!" तो हसला, आणि हसल्याचं त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

सायलीनं मान वर केली नाही. "हे बारा आपले न्हाईत, आबा. घड्याळ साऱ्या देशाचं एकच, पार तिकडं पूर्वेकडच्या सूर्यावर लावलेलं. आपली दुपार मागून येती."

"म्हंजी उशिरा?"

"उशिरा न्हाई. आपल्या येळेला."

वारा पडला. सावली तसूतसूनं आखडू लागली, आणि बघता बघता आश्रुबाला फड दिसायला लागला. तान्ही सायली बैलगाडीखाली झोळीत निजलेली. गाडीची सावली सरकायची, पोरीच्या तोंडावर ऊन यायचं, आणि हा कोयता टाकून पळायचा, झोळी सावलीत घ्यायचा. सावली सरकते हे पोरीनं तेव्हाच शिकून घेतलं की काय!

"आबा, बघा!"

पाईप होता, सावली नव्हती. जिथं तिथं नुसता उजेड. सगळं मैदान जमिनीवरून हलकेच सुटून तरंगतंय, असं त्याला वाटलं. पोरीनं सूर्याला सांगावा धाडला अन् तो आला! सायली हसत होती, रडत होती. तिच्यावर सावली धरावी म्हणून तो पुढं झाला, तर त्याच्याकडंच सावली नव्हती. मग त्यानं डोक्यावरचा रुमाल सोडला आणि तिच्या डोक्यावर धरला.

तेवढ्यात फोन वाजला. सोयरीक जुळवणारा म्हाळू ओरडत होता, "कुठं मेलास बे! बारा कवाच वाजून गेले. पाव्हणे खोळंबलेत. पोरीची येळ निघून चालली!"

"न्हाई चालली," आश्रुबा म्हणाला. "तिची येळ मागून येती. पाव्हण्यांना पोटभर जेवू घाल, अन् माझ्या वतीनं हात जोड."

पाईपाच्या बुडाशी पूर्वेच्या अंगाला सावलीची बारीक काडी फुटली होती. सायलीनं एक खडा बापाच्या हातात दिला. आश्रुबा तिच्या शेजारी उकिडवा बसला, आणि त्यानं तो जपून टोकाशी ठेवला.