लेकीनं सांगितलेला अर्थ

केजच्या मैदानावर आठशे मीटरच्या शर्यतीत आरोही पहिली आली आणि तिच्या बापाचा, आश्रुबाचा ऊर भरून आला. पण लेक सरळ पंचांकडं गेली, काहीतरी बोलली, आणि भोंग्यावरून तिचं नाव ‘डिसक्वालिफाय’ म्हणून पुकारलं गेलं.

“म्हंजी हरलीस का गं?” आश्रुबानं विचारलं.

“न्हाई आण्णा. हरलेल्याचा नंबर शेवटी तरी लागतो. ह्यात नियम मोडला म्हणून शर्यतीतूनच बाद. वळणावर मी चार पावलं रेषेच्या आतून पळाले.”

“पंचानं कुठं बघितलं हुतं?”

“मला ठावं हुतं ना.”

कुणी बघत नाही म्हणून दरसाल शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्या आश्रुबानं लेकीची पिशवी खांद्याला लावली. तो तिच्या मागं मागं स्टँडाकडं निघाला.