आधी हात लावा, मग बसा

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून मित्रांनो म्हणते. मैत्री करण्याजोगे तुम्ही कुणी दिसत नाही.

आरमोरीकडच्या एका गावात मुखरू सुताराने मला घडवलं, नाटक मंडळीचं सिंहासन म्हणून. चाळीस वर्षं मी राजे बसवले, जमीनदार बसवले, एकदा तर यमही बसवला. बसण्याआधी प्रत्येक नट माझ्या हाताला बोटं लावून ती कपाळी लावायचा. आमच्या मंडळीची ती रीतच. मंडळीची नाटकं थांबली, तेव्हापासून अंगणात पडून आहे. माझ्यावर ओली पोती वाळतात. कोंबडी बसते, तीही न विचारता.

मागच्या वर्षी सिनेमावाले आले. सागवान चोरणाऱ्या टोळीचा सिनेमा. म्हणजे माझ्याच भावंडांचे मारेकरी! म्होरक्याच्या कामाला त्यांनी मंडळीतल्या लटारूला घेतलं आणि त्याला बसायला मला. मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं म्हणून जन्मभर ओरडलेला नट तो. इथेही तीनदा तसाच ओरडला.

दिग्दर्शिका पुनमबाई म्हणाल्या, "लटारूभाऊ, ही शेवटची संधी. नाही जमलं तर उद्या नागपूरचा नट येतोय."

"मॅडम, आवाज कमी केला तं मांगच्याले ऐकू कसं येईन?"

"मागे कुणी नाही. ज्याला तुम्ही मारणार, तो समोर बसलाय. त्याला ऐकू आलं की झालं."

लटारू घाबरला. कॅमेरा चालू झाला, आणि घाबरलेल्या माणसाने सवयीने माझ्या हाताला बोटं लावली, कपाळी लावली. मग बसला. समोरच्याला हळूच म्हणाला, "जेवला का?"

तो नट बसल्या जागी मागे सरकला. नाटक नव्हतं ते.

लटारूने जीभ चावली. "चुकलं, मॅडम. हात लावाची आदत हाये."

"हेच राहील," पुनमबाई म्हणाल्या. खून करण्याआधी खुर्चीला नमस्कार करणारा माणूस! दुसरा कुणी असता तर तेवढं दृश्य कापून टाकलं असतं. या बाईने पडद्यावर बंदूकसुद्धा दाखवली नाही. नुसता माझा हात आणि त्यावर लटारूची बोटं. अक्कल म्हणतात ती ही.

मग गावच्या समाजमंदिरात सिनेमा दाखवला, लटारूला बसायला मलाही तिथे नेलं. गावातला दिनेश ओरडला, "लटारूभाऊ, येक तं गोळी चालवाची होती! नुसतेच बसले!" सगळे फिदीफिदी हसले. अरे गाढवांनो, तसं बसणं हेच तर काम होतं! लटारूने मान खाली घातली.

तेवढ्यात त्याची बायको अन्नपूर्णा उठली. "हसता काऊन? यायनं 'जेवला का' म्हटलं, अन् मले यायच्यासंगं घरी जायचं भेव वाटून राह्यलं!"

लटारूची मान वर झाली. एवढी एक बाई सिनेमा पाहायला आली होती. बाकीचे गोळ्या मोजायला.

सिनेमातली खुर्ची म्हणून आता तुम्ही रोज येता, पायावर पाय टाकून माझ्यावर फोटो काढता. आधी हात मात्र एकही जण लावत नाही. मित्रांनो, माझा मागचा डावा पाय ढिला झालाय. लटारू बसतो तेव्हा मी तो घट्ट धरून ठेवते.

तुमच्यासाठी धरेनच असं नाही.