लोणीताईची चावी

डेपोत तिला लोणीताई म्हणत. तिने ब्रेक लावला तरी बसमध्ये उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नसे, म्हणून. हे नाव तिच्यापेक्षा तिच्या बाबांना जास्त आवडे. ते याच डेपोतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत एकदाही हातात घेतलेली चावी गाडी न चालवता परत केली नाही, हे भेटेल त्याला ऐकवत.

डिप्रेशनच्या गोळ्यांनी ती सावरली होती. हसू लागली, जेवू लागली. बाबा म्हणाले, "बरी झालीस ना? मग आता कशाला त्या गोळ्या?" तिलाही पटलं. डॉक्टरांना न विचारता तिने त्या एकदम बंद केल्या.

आठवड्याच्या आत डोक्यात झटके सुरू झाले. डोळे बाजूला फिरवले की आत करंट बसल्यासारखं होई. दूध उतू गेलं तरी रडू येई. विचारणाऱ्याला ती सर्दीचं कारण सांगे.

एका सकाळी गाडी सुटायच्या बेतात होती. तिने डावा आरसा पाहिला. झटका. पुन्हा पाहिला, तर दारात एक म्हातारी फुटबोर्डवर एक पाय ठेवून उभी. मघाशी ती होती की नव्हती, हे लोणीताईला सांगता येईना. तिने इंजिन बंद केलं.

मॅनेजरच्या टेबलावर चावी ठेवली.

"काय, गाडी बिघडली?"

"गाडी ठणठणीत आहे, साहेब. ड्रायव्हर बिघडलाय."

तिने सगळं सांगितलं. मॅनेजरने रजेचा अर्ज पुढे ओढला. "ताप लिहू?"

"खरं आहे ते लिहा."

घरी तिने सगळं सांगितलं, तसे बाबा ताटावरून उठले. "चावी परत केलीस? माझ्या मुलीनं?"

"त्या म्हातारीच्या जागी तुम्ही असता तर, बाबा?"

बाबा हात धुवायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र न विचारता डॉक्टरबाईंकडे सोबत आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शरीराला औषधाची सवय होती. अचानक बंद केलंत, त्याची ही तक्रार आहे. पुन्हा सुरू करू आणि थोडं थोडं कमी करू."

"म्हणजे हिने कचकन ब्रेक मारला," बाबा म्हणाले. "आणि म्हणे लोणीताई!"

"मारायला सांगितलं कोणी?"

बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

कित्येक महिने ती चौकशीच्या खिडकीत बसली. डोस कमी झाला की झटके डोकावत, मग ओसरत. एकदा डॉक्टरांनी तो परत वाढवला, तेव्हा तिला हरल्यासारखं वाटलं.

"चढावर गिअर खाली टाकतो तो काय हरतो?" बाबा म्हणाले.

शेवटची गोळी संपली. त्यानंतरही डॉक्टरबाईंनी बरेच दिवस थांबवलं, मगच गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं. मॅनेजरने शेजारी बसून ट्रायल घेतली आणि चावी तिच्या हातात दिली.

पहिल्या फेरीला बाबा तिकीट काढून पुढच्या सीटवर बसले. हातात काठोकाठ भरलेला चहाचा पेला.

"काका, सांडेल हो," शेजारचा म्हणाला.

"नाही सांडणार. ड्रायव्हर माझी मुलगी आहे." मग तिला ऐकू जाईल अशा आवाजात, "हिने एकदा गाडी सुटता सुटता चावी परत केली होती. स्वतःहून! माझी तेवढी छाती कधी झाली नाही."

तिने डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला. गाडी सुटली.

पहिल्या थांब्यावर ब्रेक लागला. बाबांनी पेला शेजाऱ्यापुढे धरला.

"बघा."